श्वास सोडा, करंदीकर

शालनताई धुरींच्या कॅमेऱ्यात चांगला दिसलेला माणूस आमच्या सोसायटीत एकही नाही. यात सोसायटीतल्या माणसांचा दोष थोडा आणि बाईंच्या पद्धतीचा जास्त. त्या तुम्हाला समोर उभं करतात, कॅमेरा डोळ्याला लावतात आणि म्हणतात, "लांब श्वास घ्या. रोखा. हलू नका." तुम्ही छाती पुढे काढता, हनुवटी वर करता, चेहऱ्यावर आणता येईल तेवढं तेज आणता. काहीच होत नाही. मग बाई शांतपणे म्हणतात, "सोडा." सुटलो एकदाचे, म्हणून तुम्ही भस्सकन श्वास सोडता, खांदे पडतात, तोंड अर्धवट उघडं राहतं, आणि नेमका तेव्हा कॅमेरा वाजतो.

"कसा आला?" तुम्ही विचारता.

"बरो इलो," शालनताई म्हणतात.

बरा आला, असं मालवणीत सांगायची ही त्यांची एकमेव पावती. सेक्रेटरी शहांचा फोटो जांभई आणि शिंक यांच्या मधल्या कुठल्यातरी अवस्थेत आला होता. तोही बरो इलो. तिसऱ्या मजल्यावरच्या कामतांच्या सूनबाईंचा एक डोळा मिटलेला आणि दुसरा मिटायच्या बेतात होता. तोही बरोच इलो. वाईट आलेला फोटो शालनताईंनी आजवर काढलेला नाही, निदान त्यांच्या तोंडून तरी नाही.

बाई आमच्या समोरच्या दारात राहतात. मुलुंड पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर. महापालिकेच्या एका रुग्णालयात तेहेतीस वर्षं एक्स-रे टेक्निशियन होत्या. पेशंट त्यांना सिस्टर म्हणत आणि त्या दर वेळी "मी सिस्टर नाही" असं सांगून प्लेट लावत. लग्न केलं नाही. कुडाळकडून आल्या त्या थोरल्या भावाकडे, अण्णांकडे, आणि शेवटपर्यंत त्यांच्याबरोबरच राहिल्या. अण्णा जाऊन वीसेक वर्षं झाली. आम्ही इथे राहायला आलो त्याआधीची गोष्ट, त्यामुळे मी त्यांना कधी पाहिलं नाही.

रिटायर झाल्यावर बाईंनी कॅमेरा घेतला, पण खात्याच्या सवयी सुटल्या नाहीत. फोटो काढायच्या आधी त्या म्हणतात, "चेन काढा, घड्याळ काढा, खिशातलं काढा." बाईमाणूस असेल तर हळूच विचारतात, "दिवस वगैरे गेलेले नाहीत ना?" हा प्रश्न त्यांनी माझ्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाईंनाही विचारला. सासूबाई त्यानंतर आठवडाभर अतिशय प्रसन्न होत्या. कोणताही फोटो त्या उजेडाकडे धरूनच बघतात. लग्नाचा अल्बम असो, वाढदिवसाचं कार्ड असो, अगदी मोबाइलसुद्धा त्या ट्यूबलाइटच्या दिशेने वर धरतात आणि मान मागे टाकून त्यातलं माणूस बघतात. "मान सरळ आहे हो पोरीची," असा अभिप्राय देतात. आमच्या भाचीचं एक स्थळ त्यांनी निव्वळ खांद्यांवरून पसंत केलं होतं.

आणि फोटो काढताना त्या कधीही तुमच्यासमोर उभ्या राहत नाहीत. "रोखा" म्हणाल्या की मागे सरकतात आणि दाराच्या, कपाटाच्या, जिन्यातल्या खांबाच्या आड होतात. फक्त कॅमेरा आणि अर्धा चेहरा बाहेर. तिथे किरणं नाहीत, काही नाही, हे त्यांना शंभरदा सांगून झालं आहे. "माहीत आहे," त्या म्हणतात आणि पुन्हा खांबाआड जातात.

आता थोडं माझ्याविषयी. मी कलात्मक छायाचित्रकार आहे. म्हणजे होतो. म्हणजे तसं मला वाटत असे. विमा कंपनीच्या प्रसिद्धी खात्यातून निवृत्त झाल्यावर मी आमच्या भागातल्या एका कॅमेरा क्लबात जाऊ लागलो. दर रविवारी सकाळी आम्ही अकरा-बारा पुरुष एका शाळेच्या वर्गात लहान बाकांवर बसून कलेवर बोलतो. प्रत्येकाची एक शैली आहे. क्लबाचे अध्यक्ष देवस्थळी फक्त गंजलेली कुलुपं टिपतात. एक जण भांडुप पंपिंग स्टेशनवर जाऊन फ्लेमिंगोच टिपतो आणि इतर पक्ष्यांकडे ढुंकून बघत नाही. एकाचा प्रत्येक फोटो डावीकडे कललेला असतो. आधी त्याला आम्ही ट्रायपॉड बदलायला सांगत होतो, आता ती त्याची दृष्टी आहे असं मानतो.

माझी शैली सूर्यास्ताची. अडचण एवढीच की मुलुंडची खाडी पूर्वेला, त्यामुळे तिथे सूर्य उगवतो, मावळत नाही. पहाटे उठणं मला जमत नाही. तेव्हा माझ्या खाडीच्या एकाही फोटोत सूर्य आला नाही. त्या मालिकेला मी 'अनुपस्थिती' असं नाव दिलं. त्यातला एक फोटो एका पतपेढीच्या दिनदर्शिकेत छापून आला, तोही नेमका फेब्रुवारीच्या पानावर. माझी कलेतली कारकीर्द ती अठ्ठावीस दिवसांची.

शालनताईंना क्लबात मीच नेलं. खोटं कशाला सांगू, कलेचा प्रसार वगैरे मनात नव्हता. माझ्यापेक्षा वाईट फोटो काढणारं कोणीतरी वर्गात असावं, असं मला फार दिवस वाटत होतं. त्यांनी आपले फोटो बाकावर मांडले. देवस्थळींनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, "बाई, मुळात डोळे उघडे असताना क्लिक करायचं असतं." सगळे हसले. मी सर्वांत मोठ्याने हसलो.

त्या वर्षीच्या आमच्या प्रदर्शनाला परीक्षक म्हणून वांद्र्याच्या एका गॅलरीतली मुलगी आली, रेवती नावाची. तिशीची असेल. अंगावर काळा, ढगळ, कुठूनही सुरू होऊन कुठेही संपणारा कपडा. ती कुलुपांवरून, फ्लेमिंगोंवरून पुढे गेली आणि माझ्या 'अनुपस्थिती'समोर थांबली. मी पोट आणखी आत घेतलं. ती वाकली, चपलेचा पट्टा नीट केला आणि पुढे गेली. मग शालनताईंच्या फोटोंसमोर जी उभी राहिली ती वीस मिनिटं हललीच नाही.

"तुमची प्रॅक्टिस कधीपासून आहे?" तिने विचारलं.

"प्रॅक्टिस डॉक्टर करतात," शालनताई म्हणाल्या. "मी टेक्निशियन."

रेवतीने हे वहीत लिहून घेतलं.

महिन्याभरात ठरलंच. शालनताईंचं एकटीचं प्रदर्शन, वांद्र्याला, खऱ्या गॅलरीत. आमच्या क्लबातलं कोणी आजवर तिथे आत गेलेलं नव्हतं. देवस्थळी एकदा काचेतून बघून आले होते. मला झालेलं दुःख मी मोठ्या मनाने लपवलं आणि बाईंचा सल्लागार म्हणून स्वतःची नेमणूक केली. प्रदर्शनाला कलाकाराचं निवेदन लागतं, ते मी लिहिलं. चार पानं. 'श्वास हा देहाने अवकाशाशी केलेला करार असून' अशी त्याची सुरुवात होती. शालनताईंनी ती पानं उजेडाकडे धरून वाचली, पेन मागितलं आणि सगळ्यावर काट मारून खाली लिहिलं, 'श्वास सोडलेली माणसं. फोटो शालन धुरी यांनी काढले.' रेवतीला ते फार आवडलं. कलाकाराचा स्वतःचा फोटोही हवा होता. बाईंकडे रुग्णालयाच्या ओळखपत्राशिवाय स्वतःचा एकही फोटो निघाला नाही. "बघू नंतर," म्हणाल्या.

प्रदर्शनात ज्यांचे चेहरे लागणार त्या सर्वांकडून संमतीपत्रावर सही घ्यायची होती. शहांनी केली, कामतांच्या सूनबाईंनी केली, सासूबाईंनी तर दोनदा केली. मीही करणारच होतो. तेवढ्यात रेवतीने भिंतीचा आराखडा पाठवला. सगळे फोटो वहीएवढे, आणि मधोमध एकच मोठा, माणसाच्या उंचीचा. तो माझा होता.

इथे एक कबुली द्यायला हवी. मी कॉलेजपासून पोट आत घेऊन जगलेला माणूस आहे. ऑफिसात, लग्नात, लिफ्टमध्ये, बँकेच्या रांगेत, फोनवर बोलतानासुद्धा. सोडतो ते फक्त घरी, दार लावल्यावर. माझी बायको मंजू सोडली तर जगात कोणालाही माझं खरं माप माहीत नव्हतं. आणि त्या फोटोत ते होतं. शालनताई "सोडा" म्हणाल्या तेव्हा चाळीस वर्षांचं सगळं एकदम सुटलं असावं. पोट बाहेर येऊन निवांत बसलं होतं. शर्टाचं एक बटण जिवाच्या आकांताने धरून होतं. तोंड उघडं, गाल लोंबलेले, डोळे कुठेतरी लांब. ते सगळं सहा फुटांत, वांद्र्याला.

मी मंजूला दाखवलं. तिने बराच वेळ बघितलं. "अहो," ती म्हणाली, "पहिल्यांदाच तुम्ही तुमच्यासारखे दिसताय."

मी सही करणार नाही असं कळवलं. रेवतीचा फोन आला. "सर, त्या फोटोशिवाय भिंत उभीच राहत नाही. बाकीचे सगळे त्याच्याभोवती आहेत. शनिवारपर्यंत सही नाही आली तर मला शो पुढे ढकलावा लागेल, आणि पुढे म्हणजे कधी ते मी सांगू शकत नाही." मी म्हटलं, माझ्या सूर्यास्तांपैकी एखादा मध्ये लावा. तिने शनिवार पुन्हा एकदा सांगितला आणि फोन ठेवला.

शालनताई मात्र काही बोलल्या नाहीत. मी वाट बघत होतो की त्या येतील, विनवतील, मग मी थोडे आढेवेढे घेईन, मोठेपणा करीन. त्या आल्या नाहीत. जिन्यात भेटल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "नको तर नको, करंदीकर. पेशंटने नाही म्हटलं तर आम्ही प्लेट लावत नाही. मी रेवतीला सांगते." आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन वर गेल्या. माझी चांगलीच पंचाईत झाली. भांडायला माणूसच उरलं नाही.

शुक्रवारी सकाळी मी त्यांच्या दारावर टकटक केली. फोटो कॅमेऱ्यातून खोडून टाका, असं सांगायला गेलो होतो, म्हणजे विषयच संपला असता. बाई स्वयंपाकघरात होत्या. "बसा, आले," म्हणाल्या. खोलीत भिंतीवर एक्स-रे बघायचा दिव्याचा डबा लटकवलेला आहे. रुग्णालयाने भंगारात काढला तेव्हा बाईंनी मागून आणला. एरवी तो बंद असतो. त्या दिवशी चालू होता आणि त्यावर एक जुनी, कडांना पिवळी पडलेली फिल्म लावलेली होती. छातीची.

बाई हात पुसत बाहेर आल्या. मी वातावरण हलकं करायला म्हटलं, "ही कोणाची छाती? हिला विचारा, ही लावायला देईल प्रदर्शनात."

"अण्णाची," त्या म्हणाल्या.

मी खुर्चीत बसलो.

"खोकला जात नव्हता त्याचा. मीच घेऊन गेले. रांगेत उभा केला, नंबर आल्यावर आत घेतला. छाती प्लेटला, हनुवटी वर, खांदे पुढे, सगळं केलं. त्याला हसू येत होतं. म्हणाला, 'शालन, माझो फोटो तू पयल्यांदाच काढतंस.' म्हटलं, हलू नको. मग मी भिंतीआड गेले. श्वास घे, रोख, सोड." बाई डब्याकडे बघत बोलत होत्या. "तेव्हा फिल्म धुवावी लागायची, काळोख्या खोलीत. ओलीच होती, तेव्हाच दिसलं. उजव्या बाजूला." त्यांनी अंगठ्याचं टोक दाखवलं. "एवढं. तेहेतीस वर्षांत मी डॉक्टरच्या आधी कधी बोलले नाही, पण कळतं ना आपल्याला."

"मग?"

"मग काय. बाहेर आले तर हा शर्टाची बटणं लावत होता. म्हणाला, 'कसो इलो गे फोटो?'"

मला पुढचं उत्तर माहीत होतं. गेली सात वर्षं मी त्याला हसत आलो होतो.

"बरो इलो, म्हटलं. चार महिने होता त्यानंतर."

बाहेर कोणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.

"पेशंटचं तोंड प्लेटकडे असतं, करंदीकर. आम्हाला पाठच दिसते. सोडा म्हटलं की खांदे उतरतात, तेवढंच दिसतं काचेतून. अण्णाचेही उतरले. पण तोंडावर काय होतं त्या वेळी, ते मी कोणाचंच बघितलं नाही. अण्णाचंसुद्धा नाही." त्यांनी डब्याचा दिवा बंद केला. "रिटायर झाल्यावर म्हटलं, आता बघू या. बहुतेक लोक अर्धाच सोडतात हो. तुम्ही पूर्ण सोडलात. अगदी सगळा. म्हणून रेवतीला तो आवडला. मलापण." मग भानावर आल्यासारख्या म्हणाल्या, "तुम्ही फोटो खोडायला आला होता ना. आणते कॅमेरा."

त्या आत गेल्या. मी तिथे बसलो होतो आणि माझ्या लक्षात आलं की बराच वेळ माझं पोट सुटलेलं आहे, परक्या घरात, दार उघडं असताना. मला स्वतःची मनापासून लाज वाटली, आणि ती पोटाची नव्हती. अण्णांच्या चेहऱ्याच्या जागी बाईंनी सगळ्या सोसायटीचे चेहरे गोळा केले होते आणि त्यातला मधला मी बटणापायी अडवून धरला होता.

बाई कॅमेरा घेऊन आल्या. मी विचारलं, "तो फॉर्म कुठे आहे?"

"राहू द्या. मनाविरुद्ध नको."

"पेन आणा," मी म्हटलं.

सही केली. चाळीस वर्षं मी सही ऐटबाज करत आलो आहे, खाली दोन रेघा आणि दोन टिंबं. त्या दिवशी नुसतं नाव लिहिलं. बाईंनी फॉर्म उचलून उजेडाकडे धरला, तपासला, आणि घडी न घालता कपाटात ठेवला.

मग मला आठवलं. "कलाकाराचा फोटो द्यायचा राहिलाय ना अजून? कॅमेरा द्या इकडे."

"माझा कशाला," त्या म्हणाल्या आणि सवयीने दाराआड सरकल्या.

"तिथे नाही. इथे. समोर."

त्या आल्या. खोलीच्या मध्ये उभ्या राहिल्या आणि हातांचं काय करायचं ते त्यांना सुचेना. मी म्हटलं, "चष्मा काढा." त्यांनी काढला. "दिवस वगैरे गेलेले नाहीत ना?" बाई हसल्या, मला एवढंच हवं होतं. मी कॅमेरा डोळ्याला लावला. "लांब श्वास घ्या. रोखा. हलू नका."

त्यांनी श्वास रोखला. हनुवटी वर, खांदे पुढे, अगदी शिस्तीत. आणि मला बटणच सापडेना. तो कॅमेरा माझ्या कॅमेऱ्यापेक्षा वेगळा होता. मी एक दाबलं तर तारीख आली, दुसरं दाबलं तर काहीतरी फिरायला लागलं. बाई उभ्या. चेहरा लाल व्हायला लागला, तरी सोडेनात. कोणी सांगितल्याशिवाय सोडायचा नसतो, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार. शेवटी मी म्हटलं, "सोडा, शालनताई."

त्यांनी सोडला.

खांदे उतरले ते दिसलं. मग चेहरा. मी इतक्या वर्षांत खाडीवर पुष्कळ काही बघितलं आहे असं लोकांना सांगत आलो, पण एखाद्या माणसाला इतकं एकटं आणि इतकं मोकळं झालेलं मी कधी बघितलं नव्हतं. मी बघतच राहिलो. फोटोचं लक्षात आलं तेव्हा हाताला लागेल ते बटण घाईत दाबलं, तोवर बाईंनी डोळे पुसायला पदर उचलला होता.

पडद्यावर फोटो आला. कपाळ वरून कापलेलं. पदराचं एक टोक, एक कान, बाकी सगळं धूसर हललेलं. माझ्या सबंध कारकिर्दीला शोभेल असा. चेहरा म्हणून काही नव्हतंच त्यात.

"कसो इलो?" शालनताईंनी विचारलं.

मी पडद्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"बरो इलो," मी म्हटलं.

त्या माझ्याकडे क्षणभर बघत राहिल्या. मग पुढे होऊन त्यांनी माझ्या हातातून कॅमेरा घेतला. एरवी हाताला लागेल तो फोटो खिडकीकडे धरणाऱ्या बाईंनी तो उजेडाकडे धरला नाही. तसाच बंद केला, टेबलावर ठेवला, चष्मा घातला आणि म्हणाल्या, "चहा टाकते. बसा नीट, ऐसपैस."